खिडकीच्या अलीकडची माणसे

घाटकोपर स्थानकाच्या आसपास, मुलुंडच्या बाजारपेठेत, अंधेरीच्या पूर्वेकडील वस्त्यांच्या तोंडाशी किंवा बोरिवलीच्या एखाद्या बसथांब्यामागे, जेथे जेथे म्हणून रोजंदारीची माणसे दिवेलागणीला घरी परततात तेथे तेथे, एक अरुंद गाळा हटकून आढळतो. दोन हात पसरले तर संपावी एवढीच त्याची रुंदी. परंतु फलकावर मात्र आधार, पॅन, रेशन, ई-श्रम, वीजबिल, रेल्वेचे तिकीट, उत्पन्नाचा दाखला आणि पासपोर्ट आकाराचे फोटो अशी एखाद्या जिल्हा कचेरीला शोभेल इतकी लांब यादी रंगवलेली असते. या गाळ्याच्या मालकास सारी वस्ती ‘झेरॉक्सवाला’ म्हणून ओळखते. सायंकाळी सातनंतर त्याच्या काचेपुढे क्षणभर उभे राहावे म्हणजे दिसते की, दिवसभर विटा वाहून आलेला बिगारी, चार घरची धुणीभांडी उरकून आलेली बाई, सुरक्षारक्षकाच्या गणवेशातील तरुण, हे सर्व आपापला मोबाइल निःशंकपणे त्या इसमाच्या स्वाधीन करतात, ‘ओटीपी आला का बघा’ असे उलट त्यालाच विनवतात, आणि आपल्या नावे कोणता मजकूर भरला गेला हे न वाचताच पन्नास-शंभर रुपये मोजून अंधारात चालू लागतात.

हे दृश्य मुंबईला नवे नाही. बोरीबंदरच्या मोठ्या पोस्टाबाहेर टपाललेखक बसत, आणि निरक्षर गिरणीकामगार, हमाल व घरगडी त्यांच्याकडून गावी पत्रे आणि मनीऑर्डरी लिहून घेत. तथापि त्या लेखकापुढे बसलेला माणूस आपल्या तोंडचे शब्द सांगे आणि लिहिलेले ऐकून घेई. कागद त्याच्या डोळ्यांसमोर पाकिटात जाई व लेखकाचा संबंध तेथेच संपे. आजच्या गाळ्यात पाकीट बंद होत नाही. सांकेतिक शब्द त्या इसमास ठाऊक असतो, बँकेचा क्रमांक त्याच्या यंत्रात राहतो, आणि तो प्रामाणिक असला (बहुतेक असतातही) तरी प्रामाणिक असणे वा नसणे ही त्याची मर्जी असते, अर्जदाराचा हक्क नसतो. परमुलुखातून पोटासाठी आलेल्या किंवा आपत्तीने उखडल्या गेलेल्या माणसास संगणक शिकवावा तो याचसाठी. त्याने कारकून व्हावे हे त्या शिक्षणाचे प्रयोजन नसून, आपली दरखास्त आपण लिहावी, निदान ती वाचून तिच्या खरेखोटेपणाविषयी आपण होय-नाही म्हणावे, एवढे माफक आणि तरीही दुर्मीळ सामर्थ्य त्याच्या ठायी यावे, हे आहे.

ही माणसे कोण, याचा विचार प्रथम केला पाहिजे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने स्वाक्षरी केलेली नाही; त्यामुळे युरोपात त्या शब्दामागे जो कायदेशीर दर्जा उभा असतो तो आपल्याकडे नाही. परंतु शब्द मात्र मुंबईच्या चांगल्या परिचयाचा आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांच्या छावण्या कल्याणजवळ, चेंबूरला आणि मुलुंडला पडल्या. त्यांपैकी कल्याणची छावणी पुढे उल्हासनगर झाली आणि मुलुंडची वसाहत ‘मुलुंड कॉलनी’ या नावाने उपनगरात मुरून गेली. अरबी वळणाची लिपी उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या त्या लोकांना येथे देवनागरीशी, इंग्रजी अर्जांशी आणि सरकारी खात्यांच्या रिवाजांशी नव्याने ओळख करून घ्यावी लागली. नवागतास प्रथम नवी लिपी शिकावी लागते, हा धडा या उपनगरांनी पाऊणशे वर्षांपूर्वीच गिरवलेला आहे.

पुढे १९७२ च्या दुष्काळाने घाटावरची माणसे शहराकडे लोटली. अगदी अलीकडे, २०१६ च्या उन्हाळ्यात, नांदेड जिल्ह्याच्या मुखेड भागातील कुटुंबे पाण्यावाचून गाव सोडून आली आणि घाटकोपरच्या भटवाडीतील मोकळ्या मैदानावर कापडाच्या आडोशाने राहिली. आपल्याच राज्यात, आपलीच भाषा बोलत असूनही ती सर्वार्थाने निर्वासित होती. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून हलवलेल्या झोपडीवासीयांसाठी चांदिवलीस वसलेले संघर्षनगर हीही याच इतिहासाची एक शाखा होय. यांत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण, कर्नाटक, बंगाल आणि ओडिशा येथून आलेले गवंडी, सुतार, शिंपी व रिक्षाचालक मिळवावे, म्हणजे १९९० मध्ये स्वतंत्र झालेल्या आणि २०११ च्या जनगणनेत सुमारे साडेत्र्याण्णव लाख वस्ती नोंदवणाऱ्या मुंबई उपनगर जिल्ह्याचा खरा चेहरा दिसू लागतो. याच जिल्ह्यातील अंधेरीत १९७३ साली निर्यातीसाठी स्थापन झालेल्या सीप्झमध्ये देशाच्या संगणक-व्यवसायाने आपली पहिली काही पावले टाकली. त्या वसाहतीची उद्वाहने पुसणाऱ्या आणि फाटक राखणाऱ्या हातांपर्यंत मात्र ती विद्या भिंतीपलीकडून पोहोचली नाही.

गेल्या दहा वर्षांत या हातांवर संगणक अक्षरशः लादला गेला. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर मजुरी मोबाइलवर येऊ लागली. ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याची शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालावी या योजनेचा आरंभ ज्या दोन जोड्यांनी झाला, त्यांतील एक जोडी महाराष्ट्र आणि गुजरात ही होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली आणि १ मेपासून श्रमिक रेल्वेगाड्या सुटू लागल्या, तेव्हा ज्यांच्यासाठी त्या सुटत होत्या त्यांना पोलीस ठाण्यांवरच्या रांगा, वैद्यकीय दाखले आणि आपापल्या राज्यांची संकेतस्थळे यांच्या चक्रातून जावे लागले. चालत निघालेल्यांचे तांडे साऱ्या देशाने पाहिले. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी लसीची नोंदणी आरंभी केवळ ऑनलाइन ठेवली गेली आणि तिचे संकेतस्थळ प्रथम इंग्रजीतच होते. मराठीसह इतर भाषांची सोय जूनमध्ये झाली. त्याच वर्षीच्या २६ ऑगस्टला असंघटित कामगारांसाठी ई-श्रम संकेतस्थळ खुले झाले आणि त्यावर पुढे तीस कोटींहून अधिक नावे चढली. परंतु तेथे आपली नोंद आपण करावयाची तर आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक हाताशी असावा लागतो. या आज्ञा ज्यांना उद्देशून होत्या त्यांची तयारी काय होती? राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील पंचाहत्तराव्या फेरीत, पाच वर्षांवरील लोकांपैकी संगणक चालवू शकणाऱ्यांचे प्रमाण देशभरात साडेसोळा टक्के आढळले. ग्रामीण भागात ते दहा टक्क्यांहूनही किंचित कमी होते. उपनगरात उतरणारा माणूस बहुधा त्याच ग्रामीण भागातून येतो.

अशा माणसास शिकवण्याची परंपरा महाराष्ट्रात मुळीच नाही असे नव्हे. महात्मा फुल्यांनी १८५५ मध्ये पुण्यात काम करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. १९३९ मध्ये, बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान असताना (प्रांतिक सरकारच्या प्रमुखास तेव्हा हीच संज्ञा होती) शहरात प्रौढ साक्षरतेची मोहीम निघाली. स्वातंत्र्यानंतर नवागताची शिडी म्हणजे टंकलेखनाचा वर्ग होता. विक्रोळीस जिची मोठी वसाहत आहे त्या गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये देशी टंकलेखनयंत्र बाजारात आणले, आणि मिनिटास तीस व चाळीस शब्दांच्या सरकारी परीक्षा देऊन किती मुलामुलींनी चाळीतून कचेरीत प्रवेश केला याची गणती नाही. त्या शिडीची जागा पुढे एमएस-सीआयटीने घेतली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या या अभ्यासक्रमाने संगणक गावोगावी नेला, मराठीतून शिकण्याची सोय केली आणि सरकारी नोकरीच्या अटींत स्थान मिळवले.

परंतु या शिडीची पहिली पायरी शाळा शिकलेल्याच्या उंचीवर आहे. जो चौथीतून गळाला, किंवा ज्याचे शिक्षण तेलुगू वा बंगाली शाळेत झाले, त्याचा पाय तेथवर पोहोचत नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सहा कोटी लोकांसाठी वीस तासांचे जे डिजिटल साक्षरता अभियान मंजूर केले, ते नावाप्रमाणेच ग्रामीण होते आणि मार्च २०२४ मध्ये समाप्त झाले. गावी असता तर मुखेडची बाई त्याच्या कक्षेत आली असती. भटवाडीत आली आणि कक्षेबाहेर गेली. स्थलांतरिताचे दैव असे की, योजना गावात असते तेव्हा तो शहरात असतो, आणि शहरात येते तेव्हा त्याचा पत्ता गावचा असतो.

मग असा वर्ग उघडावयाचा तर तो कसा असावा? पहिला प्रश्न वेळेचा. घरकाम करणाऱ्या बायका दुपारी दोन ते चार या दरम्यान मोकळ्या असतात. नाक्यावरचे कामगार रात्री आठनंतर किंवा काम न मिळाल्यास सकाळी दहानंतर. बांधकामावरची कुटुंबे तर स्लॅब पडला की दुसऱ्या जागी हलतात. तीन महिन्यांचा क्रमवार अभ्यास त्यांच्यासाठी निरुपयोगी होय. प्रत्येक धडा त्या दिवसापुरता पूर्ण असावा, आणि आज आलेल्याने आज काहीतरी पदरात घेऊन जावे.

दुसरा प्रश्न उपमेचा. ज्या कंपनीच्या नावाने आपण छायाप्रतीस हाक मारतो, त्याच अमेरिकन झेरॉक्सने १९८१ मध्ये ‘स्टार’ नावाचा संगणक विक्रीस आणला आणि त्याच्या पडद्यावर टेबल, फाइली, कप्पे, टपालाच्या टोपल्या अशी कचेरीची चित्रे मांडली. तीच मांडणी पुढे जगभर रूढ झाली. तिच्यामागील तर्क सरळ होता: कारकुनास जे टेबल परिचित आहे तेच त्यास पडद्यावर द्यावे. परंतु आमच्या विद्यार्थ्याने कचेरी पाहिली आहे ती नेहमी खिडकीच्या अलीकडून, गजांतून हात घालून. पलीकडच्या टेबलावर काय असते ते त्यास ठाऊक नाही. तेव्हा शिक्षकाने फाइलीची गोष्ट फाइलीने सांगू नये. मिसळणाचा डबा म्हणजे फोल्डर आणि त्यातील हळद, मोहरी, जिऱ्याच्या वाट्या म्हणजे फाइली, असे म्हटले की बायकांच्या चेहऱ्यावर ओळखीचे हसू उमटते. आणि सांकेतिक शब्द म्हणजे पत्र्याच्या ट्रंकेची किल्ली, ती शेजारणीस देऊन गावी जाणार का, असे विचारले की बाकीचे स्पष्टीकरण अनावश्यक ठरते.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि येथे एक फारसे कुणास ठाऊक नसलेले साधन आपल्या हाती आहे. इंग्रजी कळफलक १८७० नंतरच्या दशकात टंकलेखनयंत्राच्या सोयीने घडला. त्यातील अक्षरांचा क्रम मुळाक्षरे पाठ असलेल्यासही चकवतो. परंतु भारत सरकारने १९८६ मध्ये प्रमाणित केलेला ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक आपल्या वर्णमालेच्या तत्त्वावर रचलेला असून त्यात स्वर डाव्या हातास आणि व्यंजने उजव्या हातास येतात. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णमाला मूलतः एकच असल्यामुळे, देवनागरीतील ‘क’ ज्या कळीवर आहे त्याच कळीवर तेलुगू, कन्नड आणि बंगाली ‘क’ही आहे. घाटकोपरच्या एका बाकावर नांदेडची बाई, महबूबनगरचा गवंडी आणि मुर्शिदाबादचा शिंपी बसले, शिक्षकाने तिघांस एकच बोट एकाच कळीवर ठेवण्यास सांगितले, आणि तिघांच्या पडद्यांवर तीन लिप्यांत तोच उच्चार उमटला, तर त्या क्षणी त्यांना परस्परांविषयी जे समजेल ते कोणत्याही भाषणाने समजणार नाही. ज्याची बोटे दाबण्यास कचरतात त्यास आता बोलून लिहिण्याचीही सोय आहे. पण बोललेले बरोबर उतरले की नाही हे पाहण्यापुरते वाचन तरी त्यास आले पाहिजे.

चौथा प्रश्न विषयाचा. अभ्यासाचा आरंभ यंत्राच्या भागांपासून करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. प्रौढ माणसास त्यात गोडी वाटत नाही. त्याच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद त्याने बाहेर काढावे आणि पहिला धडा तेथूनच सुरू व्हावा: आपले नाव इंग्रजीत कसे लिहिले आहे? ‘लक्ष्मी’ हे नाव एका कागदावर ‘एक्स’ घालून आणि दुसऱ्यावर ‘के-एस-एच’ घालून लिहिलेले असले, तर संगणकाच्या लेखी त्या दोन भिन्न बाया होत, आणि त्या दोघींच्या मध्ये अनुदान अडकून पडते. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता येणे, ही या विद्येतील पहिली इयत्ता. दुसरी इयत्ता कागद जपण्याची. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा उपनगरांतील झोपड्यांतून जे वाहून गेले त्यांत शिधापत्रिका, दाखले आणि वास्तव्याचे पुरावेही होते. कागदांच्या प्रती जपणाऱ्या, २०१५ पासून उपलब्ध असलेल्या सरकारी डिजिलॉकरचे महत्त्व अशा वस्तीस दोन वाक्यांत पटते. तिसरी इयत्ता सावधगिरीची. मोबाइलवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, तो केवळ देण्यासाठी असतो, हे एक वाक्य पाठ झाले तरी कित्येकांची महिन्याची मजुरी वाचेल. आणि फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे, हे त्याच्या जोडीचे दुसरे.

येथे अंगठ्याचा विषय निघतो. आपल्या भाषेत ‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द निरक्षराची थट्टा करण्यासाठी योजला जाई, आणि साक्षरतेच्या साऱ्या मोहिमांची प्रतिज्ञा अंगठ्याच्या जागी सही आणण्याची होती. काळाची वक्रता अशी की आज पुन्हा अंगठाच मागितला जातो. रेशनच्या दुकानातील यंत्र शिक्षितास आणि अशिक्षितास सारखेच म्हणते, बोट ठेवा. पण सिमेंट, चुना आणि धुण्याची पावडर यांनी ज्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत, त्यांची ओळख यंत्रास पटत नाही. ज्यांनी सर्वांत अधिक हात झिजवले त्यांचेच हात नापसंत होतात. अशा वेळी बुबुळाची ओळख किंवा मोबाइलवर येणारा ओटीपी हा पर्याय मागता येतो, परंतु तो आहे हे ठाऊक असावे लागते आणि जोडलेला क्रमांक चालू असावा लागतो. स्वस्त पडते म्हणून दर दोन-चार महिन्यांनी सिम बदलणाऱ्या मजुरास, तुझा क्रमांक हाच आता तुझा पत्ता आहे, हे पटवून देणे हा या शिक्षणातील एक मोठा आणि दुर्लक्षित पाठ आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, ॲसिडहल्ल्यात दृष्टी व चेहरा गमावलेल्यांच्या आणि अंधांच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरवला. पापणी मिटून दाखवता न आल्याने ज्यांची ओळख यंत्राने नाकारली त्यांच्या दाव्यातून निघालेले हे तत्त्व झिजलेल्या बोटांनाही लागू व्हावे, असे म्हणण्यास हरकत नसावी.

अन्य देशांतील प्रयत्नांकडे पाहिले तर साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. सीरिया व इराकमधून लोंढे जर्मनीत आल्यानंतर बर्लिनमध्ये २०१६ च्या सुमारास ‘रेडी स्कूल’ नावाची शाळा निघाली. तिने निर्वासितांना आज्ञावली लिहिण्याची कला शिकवून उद्योगांशी त्यांची गाठ घालून दिली. त्यांतील अनेक जण मायदेशी शिकलेले होते. त्यांना नव्या देशात उभे राहण्यासाठी व्यवसाय हवा होता. आमच्या उपनगरातील गवंड्यास व्यवसाय आहे. त्याच्या व्यवसायावरच ही उपनगरे उभी आहेत. त्यास हवी आहे ती आपल्या कष्टांची नोंद आपल्याच नावावर झाल्याची खात्री. बांधकाम कामगारांच्या कल्याणमंडळाकडे नोंद करण्यासाठी मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो कोणाकडून घ्यावा, कोठे चढवावा आणि अर्ज फेटाळला गेल्यास कारण कोठे वाचावे, हे ज्यास कळले त्यास उपनगराच्या दृष्टीने पदवीधरच म्हटले पाहिजे.

आणि या पदव्या देण्यासाठी फार मोठे भांडवल लागते असेही नाही. सायंकाळी कुलूप लागणाऱ्या महापालिका शाळांच्या खोल्या, वस्त्यांतील समाजमंदिरे आणि बालवाड्या आहेत. मोबाइल तर प्रत्येकाच्या खिशात आहेच. शिकवणारा मात्र असा हवा की, विद्यार्थ्याचे बोट अडखळले तरी ज्याचा स्वतःचा हात पुढे सरसावत नाही. ‘आण इकडे, मी करून देतो’ हे वाक्य दयेचे असते, परंतु त्याने शिक्षण तेथेच थांबते आणि शिक्षकाचा गाळा होतो.

झेरॉक्सवाल्याचे दुकान यामुळे बुडेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. कागद छापावे लागतीलच. फरक पडावा तो इतकाच की, काचेपुढे उभी राहिलेली बाई आपला मोबाइल आत देणार नाही. तो तिच्याच हातात राहील, अर्ज तिने दुपारीच भरलेला असेल, आणि ती म्हणेल, ‘दादा, पाठवलाय, फक्त छापून द्या.’ मग दोन रुपये मोजून, तो कागद दिव्याखाली धरून, घरी जाण्यापूर्वी ती आपले नाव एकदा वाचून पाहील.